महीनेर घोडागुली

भारतीय ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात कलकत्त्याचे स्थान आरंभीचे आहे. १९०२ साली गौहरजानचा स्वर याच नगरीत मुद्रित झाला आणि पुढे डमडमच्या कारखान्यातील तबकड्या देशभर वाजू लागल्या. कालांतराने मराठी भावगीताप्रमाणेच बंगाली गीताचाही एक शिरस्ता पडला. कवी एक, स्वरकार दुसरा आणि गायक तिसरा. या विभागणीतून उत्तम गीते निर्माण झाली, यात संशय नाही. पण १९७० नंतरचे अस्वस्थ कलकत्ता त्यांत क्वचितच उमटत असे.

ती उणीव सात तरुणांना जाणवली. गौतम चट्टोपाध्याय हे त्यांचे अग्रणी. नक्षलवादी चळवळीत पडून त्यांनी तुरुंगवास भोगला होता. त्यांचे बंधू प्रदीप व विश्वनाथ आणि रंजन घोषाल, अब्राहम मजुमदार, तापस दास व तपेश बंद्योपाध्याय हे त्यांचे सहकारी. १९७५ च्या सुमारास त्यांनी आपला वृंद उभारला आणि जीवनानंद दासांच्या एका कवितेतून त्याला नाव घेतले : ‘महीनेर घोडागुली’, म्हणजे महीनचे घोडे. बाउलांची मोकळी धून आणि गिटार, व्हायोलिन, सॅक्सोफोन यांचे स्वर त्यांनी एकत्र आणले. गीते त्यांची, चाली त्यांच्या आणि कंठही त्यांचेच.

१९७७ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. ‘संविग्न पाखीकुल ओ कलकाता विषयक’ हे तिचे नाव. १९७८ व १९७९ मध्ये आणखी दोन निघाल्या. गीते मोजकीच होती, आणि ग्राहक त्याहून मोजके! भावमधुर गीतांना सरावलेल्या कानांना हे गाणे परके वाटले. १९८१ साली वृंद विखुरला आणि सारे आपापल्या वाटेने गेले.

परंतु लोकांनी नाकारलेले सारेच लोपत नाही. महाविद्यालयांतील तरुणांनी ती गाणी मुखोद्गत ठेवली. १९९५ च्या कलकत्ता पुस्तक मेळ्यात गौतम यांनी ‘आबार बछर कुडि परे’, अर्थात ‘पुन्हा वीस वर्षांनी’, हा नवा संग्रह आणला आणि त्यात नव्या पिढीच्या गायकांनाही स्थान दिले. या वेळी मात्र श्रोते वाट पाहत होते. वृंदाने गाण्याची प्रथा त्यानंतर बंगालमध्ये रुजली. गौतम १९९९ साली निवर्तले. याच संग्रहातील एक चाल २००६ साली ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटातून देशभर पोहोचली. ती गुणगुणणाऱ्या कित्येक मराठी श्रोत्यांना तिचे कुळ ठाऊकही नसेल.

विक्रीचा आकडा वर्षाअखेरीस मांडता येतो. गीताचा हिशेब मात्र पुढची पिढी करते, आणि तोवर ते गीत कुणीतरी गात राहावे लागते.