शब्दाची जात रूपाला विचारा

वस्तूचे नाव ते नाम, गुण दाखवते ते विशेषण, एकाच व्यक्तीचे वा स्थळाचे नाव ते विशेषनाम. शाळेपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत शब्दांच्या जाती अशा अर्थावरून शिकवल्या जातात. अर्थ कळला की जात कळली, हे मत चांगलेच रुळले आहे. पण ते मराठीच्या स्वभावाला धरून नाही.

'प्रकाश' हा शब्द घ्या. 'प्रकाशाला अडवू नकोस' आणि 'प्रकाशला अडवू नकोस'. पहिल्या वाक्यात 'ला' लागण्यापूर्वी शब्द बदलून 'प्रकाशा' झाला, म्हणजे त्याचे सामान्यरूप झाले; दुसऱ्यात झाले नाही. इथे मुलाबद्दल बोलणे चालले आहे, हे ऐकणाऱ्याला तेवढ्यावरून कळते. तसेच 'आशेला जागा उरली नाही', पण 'आशाला गाडीत जागा मिळाली'. 'सागराला भरती आली', पण 'सागरला ताप आला'.

विशेषणाचेही तेच. 'शहाण्या मुलाला' यात 'ला' मुलाला लागतो. 'शहाण्याला शब्दाचा मार' यात 'शहाणा' स्वतःच विभक्ती घेतो, म्हणून तिथे ते नाम. गुण दोन्हीकडे एकच असल्याने अर्थावर हा निवाडा होत नाही.

यावर कोणी म्हणेल, 'रामाला', 'गोविंदाला' अशीही रूपे आहेत आणि 'पुण्याला' तर आपण सारेच म्हणतो. मग रूपाचा तरी भरवसा काय? आक्षेप रास्त आहे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की सामान्यरूप न होणे ही विशेषनामाची खूण आहे, अट नव्हे. खूण मिळाली नाही, तर शब्दाचे वाक्यातले काम पाहावे. 'तो वर गेला' यात 'वर' जाण्याची दिशा सांगतो, 'टेबलावर' यात तो सामान्यरूपाला जोडून येतो, 'वर मांडवात आला' यात तो कर्ता आहे.

ही दृष्टी परकी नाही. पाणिनीने पदाची ओळख प्रत्ययावरूनच केली: सुबन्त म्हणजे विभक्तीचे प्रत्यय लागलेले पद आणि तिङन्त म्हणजे क्रियापदाचे प्रत्यय लागलेले पद. पुढे दादोबा पांडुरंगांच्या 1836च्या 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण'पासून मराठी व्याकरणाच्या मांडणीवर इंग्रजीची छाप पडली. आठ जाती शिकवायला सोयीच्या आहेत, त्या मोडण्याचे कारण नाही. त्या ओळखण्याची कसोटी मात्र मराठीची हवी.

म्हणून शिक्षकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती आहे: सुटा शब्द देऊन त्याची जात विचारू नका. पूर्ण वाक्य द्या, आणि उत्तराबरोबर कारणही मागा.