नहर आणि परसबाग

बागेविषयी बोलावयास उभा राहिलेला मनुष्य आधी माती, बी आणि खत यांची नावे घेईल, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आपल्याला प्रथम एका भुयारात नेणार आहे. कारण आपल्या शहरात बागेचा इतिहास जमिनीखाली सुरू होतो.

इ. स. १६१० च्या सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी या खेड्याच्या जागी राजधानी वसविली. तेच पुढे फतेहनगर, मग औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. खडकी या नावातच सारे आले : खाली काळा कातळ, आणि जवळ बारमाही वाहणारी मोठी नदी नाही. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या हबशी पुरुषाने येथे लष्कर, बाजार आणि बागा पोसण्याचे मनात आणले, आणि त्यासाठी धरण बांधले नाही. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी मुरलेले पाणी त्याने भुयारी मार्गात झिरपू दिले आणि केवळ उताराच्या बळावर गावात आणले. ना मोट, ना बैल. मार्गावर जागोजाग उभी विवरे ठेवली. त्यांतून हवा खेळे आणि गाळ काढणारा माणूस आत उतरे. हीच नहर-ए-अंबरी. इराणातील कारेजांची ही विद्या; बऱ्हाणपुरासही त्याच दशकात ती अवतरली.

अठराव्या शतकातील पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे, पण तिचा हिशेब किती जणांनी मांडला? डोंगराकडून नळाने आलेल्या पाण्याने चक्की फिरे आणि यात्रेकरूंना व फकिरांना पीठ मिळे. त्याच पाण्याने समोरचा हौद भरे. आणि हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत असल्यामुळे भर वैशाखात तेथे गारवा राही. एका पाण्याकडून इतकी कामे करून घेणारा कारागीर चिक्कू नव्हे, शहाणा म्हणावा.

१९७८ साली ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी पर्माकल्चर, म्हणजे चिरस्थायी शेतीची विद्या, ग्रंथरूपाने मांडली. आधी जागा न्याहाळा, पाणी वरच अडवा व सावकाश खाली जाऊ द्या, प्रत्येक वस्तूकडून एकाहून अधिक कामे घ्या, काही वाया जाऊ देऊ नका, ही तिची मूलाक्षरे. २०१७ साली हैदराबादेत या मंडळींचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला. आपल्याकडे कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी प्रयोग परिवार उभा करून पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश यांचा हिशेब शेतकऱ्यांच्या हाती दिला. आणि आपल्या आजीने तरी दुसरे काय केले? मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ, कुंपणाला शेवगा, त्याच्या विरळ सावलीत कढीपत्ता, झाडाच्या बुडाशी वाळका पाला. नाव मात्र तिला ठाऊक नव्हते. एक भेद तेवढा ध्यानात ठेवा : तिच्या मोरीत राख आणि रिठा जाई, आपल्या मोरीतील साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये, केळीला चालते.

१९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले. त्या पाण्यावर शहर वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ते पाणी चढावर उपसून आणावे लागते, आणि तरीही कित्येक वस्त्यांनी आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिली आहे. इकडे नहरीची विवरे कोठे गाळाने बुजली, कोठे इमारतींच्या पायाखाली गेली. नहर सर्वांची होती, म्हणून गाळ काढणे कोणाचेच काम उरले नाही. वसाहतीची सामाईक बाग करू पाहणाऱ्यांनी झाडांची यादी करण्याआधी ही गोष्ट वाचावी. गाळ कोण काढणार हे ठरल्याशिवाय कुदळ मारू नये.

आता घरचा हिशेब. आपल्याकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो साधारण ६५ हजार लिटर होतो. काही उडेल, काही सांडेल. चाळीस हजार धरले तरी ते आज गटारात जाते. मृगाला अजून महिनाभर अवकाश आहे. गच्चीच्या पन्हळीचे तोंड वळवून, भिंतीपासून दहा-बारा फुटांवर एक खड्डा खणून, त्याच्या कडेला केळीचा कंद लावण्यास तेवढे दिवस पुरतात.