ग्रहजनक तबकड्यांतील वायू व धूळ : एका अभ्यासशाखेचा इतिहास आणि मुंबईचे योगदान

प्रस्तावना

सूर्यमाला फिरत्या वायुमेघातून घडली, ही कल्पना कांट यांनी १७५५ मध्ये व लाप्लास यांनी १७९६ मध्ये मांडली. तिचे स्वरूप दीर्घकाळ तात्त्विक व गणितीच राहिले. हे द्रव्य रासायनिकदृष्ट्या कसे बदलते, हा प्रश्न प्रत्यक्ष निरीक्षणाच्या कक्षेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. या स्थित्यंतरात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

धूळ : अडथळा ते साधन

आंतरतारकीय धूळ ताऱ्यांचा प्रकाश अडवते, म्हणून प्रारंभी ती निरीक्षणातील अडथळा मानली गेली. परंतु शोषलेली ऊर्जा हे थंड कण दूर-अवरक्त प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकतात. हे प्रारण हवेतील बाष्पात शोषले जात असल्याने जमिनीवरून त्याचा अभ्यास जवळजवळ अशक्य ठरतो. यावर उपाय म्हणून टाटा संस्थेने १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण हैदराबाद येथील आपल्या केंद्रातून महाकाय फुग्याद्वारे सुमारे ३० किलोमीटर उंचीवर पाठविली. तिच्या साहाय्याने ताऱ्यांच्या जन्मस्थानांतील धुळीचे वितरण व तापमान अभ्यासले गेले. पुढे १९९९ पासून जपानी वर्णपटमापक जोडून आयनित कार्बनची १५८ मायक्रॉन तरंगलांबीची रेषाही नोंदविण्यात आली. ही निरीक्षणे तबकड्यांची नव्हेत, तर ज्या मेघांत तारे व तबकड्या जन्मतात त्यांची होती, हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

तबकडीतील रसायन

बीटा पिक्टोरिस ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीची प्रतिमा १९८४ मध्ये मिळाली. २०१४ मध्ये चिलीतील आल्मा दुर्बिणींनी एचएल टॉरी या तरुण ताऱ्याच्या तबकडीतील वलये स्पष्ट दाखविली. अशा तरुण तबकडीत वायूचे वस्तुमान धुळीच्या सुमारे शंभरपट मानले जाते. तरीही रासायनिक घडामोडींत धुळीचे महत्त्व मोठे आहे. सुमारे उणे २५० अंश सेल्सिअस तापमानाला कार्बन मोनॉक्साइड धूलिकणांवर गोठतो. त्यावर हायड्रोजनचे अणू क्रमाने जोडले जाऊन मिथेनॉल बनते. टीडब्ल्यू हायड्री ताऱ्याच्या तबकडीत वायुरूप मिथेनॉल २०१६ मध्ये आढळले.

समारोप

या शाखेचा इतिहास बहुधा २०१४ च्या प्रतिमेपासून सांगितला जातो. परंतु थंड धुळीचे तापमान मोजण्याची दृष्टी त्यापूर्वीच घडत होती आणि तीत मुंबईच्या संशोधकांचा सहभाग होता. तो वाढवून सांगण्याचे कारण नाही. मात्र तो वगळल्यास हा इतिहास अपुरा राहतो.