आन्री मास्पेरो : ताओ धर्माचे बंद ग्रंथभांडार उघडणारा अभ्यासक

लोयांगच्या श्वेताश्व विहाराची कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. हान सम्राट मिंगच्या स्वप्नात सुवर्णकांती पुरुष आला, दूत पश्चिमेकडे निघाले आणि काश्यप मातंग व धर्मरत्न हे भारतीय भिक्षू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून चीनमध्ये पोहोचले. १९१० साली हनोईतील फ्रेंच प्राच्यविद्या संस्थेत काम करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आन्री मास्पेरोने या कथेची सारी साधने एकमेकांशी ताडून पाहिली आणि ती उत्तरकालीन श्रद्धाळू रचना असल्याचे दाखवून दिले. उलट इ. स. ६५च्या एका राजाज्ञेवरून फंगछंग येथे राजपुत्र यिंगच्या आश्रयाने बौद्ध भिक्षू आधीच नांदत होते असे दिसते. बौद्ध धर्म सम्राटाच्या स्वप्नासाठी थांबला नव्हता!

मास्पेरोचे वडील गास्तों हे नामवंत इजिप्तविद. मुलाचे पहिले लेखनही टॉलेमी राजांच्या इजिप्तमधील अर्थव्यवस्थेवर होते. पुढे तो चीनकडे वळला आणि गुरू शाव्हान यांच्या निधनानंतर पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये त्यांच्या अध्यासनावर आला.

त्याचे खरे धाडस मात्र वेगळेच. लाओत्से आणि च्वांगत्से म्हणजे उदात्त तत्त्वज्ञान, नंतरचे पुरोहित आणि मंत्रतंत्र म्हणजे त्याचा ऱ्हास, असे युरोपातील विद्वान मानत. ताओ धर्माचा ग्रंथसंग्रह, सुमारे दीड हजार ग्रंथांचा, मिंग काळात १४४५ मध्ये छापला गेला होता. पण तो मठांत पडून होता. १९२३ ते १९२६ या काळात शांघायमध्ये त्याचे पुनर्मुद्रण झाले, आणि मास्पेरो या अरण्यात शिरला. बहुतेक ग्रंथांवर ना लेखकाचे नाव, ना काळ. तरीही त्यातून त्याने एक जिवंत धर्म उभा केला : देहात वास करणारे देव, श्वासाची साधना, देहासहित अमरत्वाचा ध्यास आणि इ. स. १८४च्या पीतशिरस्त्राण बंडामागील संघटित भक्तसमुदाय. प्राणपोषणाच्या साधनांवरील त्याचा विस्तृत निबंध १९३७ मध्ये आला. योगाच्या अभ्यासकांनी तो अवश्य पाहावा.

जुलै १९४४. मुलगा जर्मनविरोधी प्रतिकार चळवळीत असल्यामुळे नाझींनी मास्पेरो आणि त्याच्या पत्नीला पकडले. १५ ऑगस्टला, पॅरिस मुक्त होण्याच्या अवघे दहा दिवस आधी, कैद्यांची गाडी निघाली. पत्नी राव्हेन्सब्रुकहून जिवंत परतली. मुलगा त्याच वर्षी लढताना पडला. मास्पेरो १७ मार्च १९४५ रोजी बुखेनवाल्डमध्ये मरण पावला. २५ दिवसांनी अमेरिकी सैन्य छावणीत पोहोचले.

त्याचे ताओ धर्मावरील बरेचसे लेखन तेव्हा अप्रकाशितच होते. सहकारी पोल देमिएव्हिल यांनी ते कागद जुळवून, संपादून १९५० मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केले. त्यांतील दुसरा खंड ताओ धर्माचा.