हॉर्नबी रोडच्या कमानी

मुंबईत बोरीबंदरकडून हुतात्मा चौकाकडे भर पावसात निघालेल्या माणसाला वाटेत बऱ्याच ठिकाणी छत्री मिटता येते. याचं श्रेय सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका बांधकाम-नियमाला आहे. आजचा दादाभाई नौरोजी मार्ग म्हणजे तेव्हाचा हॉर्नबी रोड. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात फोर्टची तटबंदी पाडली गेली, दाटीवाटीच्या वस्तीला श्वास मिळाला आणि हा रस्ता रुंद होऊ लागला. पुढे त्याच्या कडेने मोठ्या इमारती उठू लागल्या, तेव्हा 1896 च्या सरकारी नियमाने मालकांवर अट घातली : दर्शनी बाजूला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींखालची वाट सोडायची. त्यामुळे कुठे निओ-गॉथिक, कुठे निओ-क्लासिकल, कुठे इंडो-सारसेनिक अशी दर्शनी रूपं वेगवेगळी झाली, तरी खालची वाट सगळ्यांना धरून राहिली. चालणाऱ्याच्या डोक्यावर सावली असावी ही जबाबदारी या नियमाने इमारत बांधणाऱ्यावर टाकली, आणि मला त्याचं सर्वांत मोठं मोल इथेच वाटतं.

परक्या सरकारने आपल्या व्यापारी पेठेची शोभा राखण्यासाठी केलेला हा नियम, त्याचं कौतुक कशाला, असं कुणी विचारेल. हेतूत शोभा होती, हे मान्य. पण कमानीखाली सावलीला यायला कुणाला परवाना लागत नव्हता. हापिसातला कारकून, हमाल आणि गिऱ्हाईक एकाच वाटेने जात. मालकाचं नुकसान झालं, हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. कमानींवरचे मजले त्याचेच होते, आणि उन्हापावसात रेंगाळू शकणारं गिऱ्हाईक थेट त्याच्या काचेच्या कपाटासमोर येत होतं. जून ते सप्टेंबर कोसळणाऱ्या आणि एरवी तापणाऱ्या या शहरात रस्ता चालण्याजोगा करण्याचा याहून शहाणा उपाय मला दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर ही दृष्टी हरवली. 1964 मध्ये ट्राम बंद झाली, मोटारी वाढत गेल्या आणि पादचारी हा वाहतुकीतला अडथळा ठरला. मग त्याला भुयारात उतरवायचं किंवा पुलावर चढवायचं, हेच धोरण झालं. 2008 मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक उभा राहिला. त्याच सुमाराच्या वाहतूक-अभ्यासात मुंबईतल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात असं दिसलं होतं. म्हणजे जिने चढायचे ते बहुसंख्यांनी, सपाट रस्ता मिळायचा तो अल्पसंख्यांना. त्यात म्हातारीकोतारी माणसं, गरोदर बाया, डोक्यावर ओझं असलेले लोक येतात, हे कुणी मोजलंच नाही. आणि 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला, पायी घरी निघालेल्यांचे जीव गेले.

कमानींविरुद्धचा खरा, वजनदार आक्षेप वेगळा आहे. त्यांच्याखाली फेरीवाले बसतात, मग चालायला जागा कुठे उरते? अडचण खरी आहे, तिच्याकडे डोळेझाक करू नये. पण फेरीवाला तिथेच बसतो जिथे माणसं चालतात. त्याची गर्दी हा त्या वाटेच्या उपयोगाचा पुरावा आहे. 2014 च्या कायद्याने पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण आणि विक्रीक्षेत्रांची आखणी ही कामं ठरवून दिली आहेत. ती नेटाने केली तर एका कडेला विक्री आणि उरलेल्या रुंदीत चाल, असं जमू शकतं. आखणी टाळून अधूनमधून गाड्या पाठवून माल उचलण्याने दोघांचंही भलं होत नाही.

व्यापारी अशा कामात आडवे येतात, हा समजही याच रस्त्याने खोटा ठरवला. विसाव्या शतकाच्या अखेरीस कमानी अवाढव्य पाट्यांमागे दडल्या होत्या. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी पाट्यांचे आकार आणि जागा यांची नियमावली तयार केली, आणि रस्त्यावरच्या दुकानदारांनी व मालकांनी सहकार्य करून आपल्या पाट्या बदलल्या. दगडी कमानी पुन्हा दिसू लागल्या. 2004 मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

आज मुंबईच्या जुन्या पेठांत पुनर्विकासाचे मनोरे उठत आहेत. त्यांचे खालचे मजले पार्किंगला जातात आणि रस्त्याकडे भिंत येते. महापालिकेने नकाशा मंजूर करतानाच 1896 ची अट नव्याने घालावी : बाजारपेठेच्या रस्त्यावर बांधायचं असेल, तर तळमजल्यावर शेजारच्या इमारतीला जोडणारी, छताखालची, सर्वांना खुली वाट सोडा.