आधी वापर, मागाहून पुरावा

इतिहास आपणांस निकालापेक्षा निकालाची रीत अधिक शिकवितो. १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन व जेरो या शल्यविशारदांनी एका स्त्रीच्या वक्षात सिलिकोनच्या पिशव्या प्रथम बसविल्या. अशा साधनांवर नियंत्रण ठेवण्याचा पुरेसा अधिकार तेथील सरकारला मिळाला तो १९७६ साली; तोवर पिशव्या बाजारात रुळल्या होत्या. तक्रारी वाढल्यावर १९९२ साली निव्वळ सौंदर्यासाठी होणारा त्यांचा सर्रास वापर थांबविण्यात आला. १९९९ साली तज्ज्ञसमितीने सांगितले, की त्यांमुळे सर्वांगीण रोग होतात असा पुरावा नाही; मात्र पिशवी फुटणे, भोवतालचा पडदा आवळणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे हे धोके खरेच आहेत. २००६ साली बंदी उठली. परंतु २०११ साली एका दुर्मीळ कर्करोगाशी त्यांचा संबंध असण्याची शक्यता पुढे आली, आणि २०२१ साली ठळक इशारा सक्तीचा झाला.

तेव्हा ‘पुरावा नाही’ म्हणजे ‘धोका नाही’ असे आपण समजू नये. रोगनिवारणासाठी पत्करलेला धोका एक. निरोगी देहावर हौसेने घेतलेला दुसरा. दुसऱ्यासाठी आपला तराजू अधिक काटेकोर हवा.