देणगी आणि खातेवही

१९६२ च्या लोकसभा निवडणुकीत इंदूरने गिरणी कामगारांचे पुढारी होमी दाजी यांना अपक्ष म्हणून निवडून दिले. कापडगिरण्यांच्या आणि शेठ-सावकारांच्या या शहराने कामगारांचा माणूस दिल्लीस धाडला, याचे कौतुक आपल्या जुन्या घरांतून आम्ही पुष्कळ ऐकले आहे. मात्र निवडणुकीत कंपन्यांचा पैसा किती असावा, हा प्रश्न त्यापूर्वीच न्यायालयाच्या दारी पोहोचला होता.

राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रकात दुरुस्ती करावयाचे ठरविले. एका भागधारकाने हरकत घेतली. १९५७ मध्ये हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नसल्याने दुरुस्ती मान्य झाली. पण ही प्रथा बळावली तर एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळला जाईल, असा इशारा देऊन छगलांनी संसदेस लक्ष घालण्यास सुचविले.

संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली : २५,००० रुपये किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती. शिवाय रक्कम व पक्षाचे नाव नफा-तोटा पत्रकात दाखविणे बंधनकारक केले. त्या काळी उघडपणाचे वावडे नव्हते. काँग्रेसबरोबर स्वतंत्र पक्षालाही देणगी देण्याचा मानस जे. आर. डी. टाटांनी १९६१ मध्ये खुद्द पंडित नेहरूंना पत्राने कळविला होता.

१९६९ मध्ये अशा देणग्यांवर संपूर्ण बंदी आली. पैसा थांबला नाही. तो खातेवहीतून उठून काळ्या बाजाराच्या वाटेने चालू लागला. १९८५ मध्ये बंदी उठली, २०१३ च्या कायद्याने मर्यादा साडेसात टक्के झाली. २०१७ मध्ये मात्र मर्यादाही गेली आणि पक्षाचे नाव सांगण्याचे बंधनही. पुढील वर्षापासून विकल्या गेलेल्या निवडणूक रोख्यांतून १६,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम पक्षांकडे गेली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या घटनापीठाने रोखे व त्यासाठी केलेल्या दुरुस्त्या घटनाबाह्य ठरविल्या.

या इतिहासाचा बोध आम्हांस असा दिसतो की, बंदीने पैसा लपला आणि गुप्ततेच्या कायद्याने त्यास लपण्याचा परवाना मिळाला. गणेशोत्सवाची वर्गणी देणाऱ्याचे नावही आपण पावतीवर लिहितो. मग राज्य चालविणाऱ्यांस कोणी काय दिले, हे मतदाराने का जाणू नये? सरकारी सेवेत हयात घालविताना आम्ही एवढे शिकलो की, नोंद असून भागत नाही, ती वेळेवर पाहावयास मिळाली पाहिजे. कंपनीचा ताळेबंद वर्ष सरल्यावर प्रसिद्ध होतो, तोवर मतपेटी बंद झालेली असू शकते. देणगीदाराचे नाव मतदानापूर्वी कळणे, हीच या दीर्घ वादातील उरलेली पायरी होय.